वाढ्यांचा रविवार

मागच्या आठवड्यात बारामतीत एसटी स्टँडबाहेर रस्ता ओलांडत होते, तेव्हा एक मोटारसायकल अगदी घासून गेली. तिच्या दोन्ही बाजूंना उसाच्या वाढ्यांचे बिंडे बांधलेले होते. ऊस तोडल्यावर वरचा हिरवा शेंडा उरतो, त्याला आमच्याकडे वाढं म्हणतात. जनावरांचा निम्मा उन्हाळा त्याच्यावर निघतो. त्यातली एक पात माझ्या हातावरून ओढत गेली. बारीक रेघ उमटली, आधी पांढरी, मग लाल. उसाची पात कापते तेव्हा लगेच कळत नाही. थोडं चालून घाम आला की चुणचुणायला लागतं.

हॉस्टेलवर येऊन हात नळाखाली धरला आणि एकदम लक्षात आलं, झावळ्यांचा रविवार जवळ आला. कॅलेंडर बघायची गरज पडली नाही. सगळ्या खुणा होत्याच. कारखान्याकडून वाऱ्यावर येणारा मळीचा आंबूस वास, तोडलेल्या फडातलं पेटवलेलं पाचट आणि त्याची उडत येणारी काजळी. लायब्ररीच्या खिडकीतून ती काजळी वहीवर पडते. बोटानं पुसायला गेलं की पसरते, म्हणून फुंकर मारायची. घरी आई दोरीवरचे कपडे झटकताना म्हणायची, "लोकं राखेचा बुधवार एकदाच पाळत्यात. आपल्या हितं रोजच राख."

आम्ही ख्रिस्ती आहोत, आजोबांच्या वेळेपासून. राखेचा बुधवार म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांचा पहिला दिवस, त्या दिवशी कपाळाला राख लावतात. अंथुर्ण्याच्या अलीकडं डांबरी रस्त्याला लागून आमची वस्ती आहे, त्यात आमचं एकच घर तसं. येशू गाढवावर बसून यरुशलेमेत आला तेव्हा लोक खजुरीच्या झावळ्या घेऊन त्याला सामोरे गेले. त्याची आठवण म्हणून ईस्टरच्या आधीच्या रविवारी आमच्यातले लोक झावळ्या हातात धरून गात चालतात. आमच्या भागात खजूर कुठून आणणार? ओढ्याला शिंदी होत्या, त्याही तुटल्या. म्हणून आजोबांनी कधीतरी फडातून वाढं उचललं आणि तेच हातात धरून चालायला लागले. तेव्हापासून आमच्याकडे झावळी म्हणजे वाढं. शहरातल्या चर्चमध्ये झावळीचा छोटा क्रूस करून तो वर्षभर घरात लावतात, असं मला हॉस्टेलमधल्या एका मैत्रिणीनं सांगितलं. मला हसू आलं. आमची झावळी संध्याकाळपर्यंत शेळीच्या पोटात गेलेली असायची. आईला त्यात काही वावगं वाटायचं नाही. "त्यो बी गोठ्यातच जलमला की," म्हणायची.

वाढी यायची ती तात्यांच्या फडातली. तात्या म्हणजे ज्यांचा ट्रॅक्टर माझे पप्पा चालवायचे ते बागायतदार. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून पप्पा सगळा हंगाम कारखान्याच्या वाऱ्या करायचे. त्या रविवारी मात्र एक खेप दुसऱ्या कुणावर सोपवून ते आमच्याबरोबर चालायचे, सगळ्यांत पुढं. तात्या स्वतः म्हणायचे, "शांतू, आडसालीच्या फडातली ने. लांब हायत." पप्पांचं नाव शांतवन. वस्तीला ते कधी जमलं नाही. म्हातारे शांतू म्हणायचे आणि बाकीचे शांताराव.

रस्त्यात चहाची टपरी लागते. तिथली माणसं दरवर्षी एकच विनोद करायची. "काय शांताराव, म्हशी घेतल्या का? येवढं वाढं घिऊन कुठं निघाला?" पप्पा हसून हात वर करायचे. मी लहानपणापासून हे ऐकत आले. तो विनोद झाला नसता तर चुकल्यासारखं वाटलं असतं.

आता मी ज्या वर्षाबद्दल लिहायला बसले आहे ते. मला हे नीट लिहिता येईल का, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळं लिहायचं काम माझ्याकडंच येतं. अर्ज असो, पत्र असो, की हे.

ते माझं बारावीचं वर्ष होतं. परीक्षा तोंडावर असताना मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ फिरायला लागला. कुठल्या गावचा, खरा की खोटा, कुणालाच माहीत नव्हतं. प्रार्थनेच्या नावाखाली लोकांना बाटवतात, असं काहीतरी त्यात होतं. आमच्या वस्तीवर काहीच घडलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण लोक विचारतात, मग झालं काय? दगड पडला नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त आम्ही आलो की बोलणं थांबायचं. पिठाच्या गिरणीत, पाण्याच्या टाकीपाशी. घडलेल्या गोष्टीची तक्रार करता येते. थांबलेल्या बोलण्याची कशी करायची?

माझी मैत्रीण पूजा मला तिच्या स्कूटीवर वालचंदनगरला परीक्षेच्या केंद्रावर न्यायची. इंग्रजीच्या पेपरानंतर तिनं स्टँड लावता लावताच सांगितलं, "उद्यापासून तू एसटीनं ये ना. आई म्हणते, थोडे दिवस नको."

"का गं?"

"मला काय माहीत? आई म्हणते." आणि मग जरा थांबून, "भौतिकच्या नोट्स आहेत ना तुझ्याकडं? मला फोटो पाठव."

मी फोटो पाठवले. स्पष्ट यावेत म्हणून वही अंगणात उन्हात धरून काढले.

भीतीबद्दल मला तेव्हा फारसं कळत नव्हतं. मला वाटायचं, भीती म्हणजे साप, अंधार, गणिताचा पेपर. त्या उन्हाळ्यात भीती घरात राहायला आली आणि घरच्यासारखी वागायला लागली. जेवायच्या आधीची प्रार्थना आम्ही ठरवून काही हळू करायला लागलो नव्हतो. आवाज आपोआप उतरत गेला. एकदा पप्पा प्रार्थना करत होते आणि बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. पप्पांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. मोटारसायकल पुढं गेली. पप्पांनी "आमेन" म्हटलं आणि भाकरी मोडली. तुटलेलं वाक्य तसंच राहिलं. ते काय मागत होते, हे मला अजून माहीत नाही.

शेवटचा पेपर झाला त्याच आठवड्यात तात्या दुपारी घरी आले. पप्पा पाइप लावून ट्रॅक्टर धूत होते. मी उंबऱ्यात बसले होते.

"शांतू, औंदा ते फिरनं जरा राहू द्या."

"कसलं, तात्या?"

"वाढी घिऊन निघता नव्हं तुमी. आमाला काय न्हाय रं. तुझ्या बापापासनं बघतोय मी. पन पोरं आता आयकत न्हाईत. उगं कुनी काय बोललं, तुमी काय बोलला..."

"आमी कशाला काय बोलू?"

"त्येच म्हंतो. घरात करा की. देवाला घरात बी आयकू येतं."

"व्हय, तात्या," पप्पा म्हणाले. पाइपातलं पाणी एकाच चाकावर पडत राहिलं होतं.

आई चहा घेऊन बाहेर आली. तात्यांनी चहा घेतला. आमच्याच कपात, नेहमीसारखा. हेही लिहायला हवं. ते वाईट माणूस नव्हते, आणि म्हणूनच मला त्यांचा जास्त राग येतो. वाईट माणसानं सांगितलं असतं तर पप्पांनी कदाचित ऐकलं नसतं.

ते गेल्यावर आई कप विसळत म्हणाली, "देवाला घरात बी आयकू येतं, खरं हाय. पन वरसातनं एक डाव आपन हायत, ह्ये आपल्याला बी दिसाय पायजे का नगं?"

पप्पांनी पाइप उचलून दुसऱ्या चाकावर धरला.

"येनार नव्हं तुमी?"

"येतो म्हनलं की." ते म्हणाले नव्हते. पण तसं म्हणाले.

प्रश्न वाढ्यांचा होता. तात्यांच्या फडात आता कसं जायचं? शनिवारी आई मला घेऊन पलीकडच्या शिवारात गेली. तिथं बीडकडची टोळी ऊस तोडत होती. कडेला पोराला झोळीत टाकून एक बाई मोळ्या बांधत होती. आईनं वाढी मागितली.

"किती म्हशी हायत?" तिनं विचारलं.

"म्हशी न्हाईत. देवाला पायजेत."

ती बाई थांबली. कुठला देव, असं ती आता विचारणार, असं मला वाटलं. तिनं फक्त बांधलेला बिंडा सोडला आणि म्हणाली, "मंग ह्यातली नको. ही वाळल्याती. थांबा, ताजी देते." कोयता घेऊन ती आत गेली आणि हिरवीगार, उंच वाढी घेऊन आली. त्या हंगामात आमच्याशी इतक्या सरळ बोललेलं दुसरं माणूस मला आठवत नाही. तीही हंगाम संपल्यावर निघून जाणारी होती.

रविवारी सकाळी अंगणात आम्ही मोजकीच माणसं जमलो. पास्टरकाका, त्यांची बायको, वालचंदनगरहून आलेलं एक कुटुंब, आई आणि मी. आसपासच्या वस्त्यांवरची आमच्यातली बाकीची घरं आली नव्हती. पप्पाही नव्हते. उजाडताच ट्रॅक्टर घेऊन गेले होते. आई त्यांच्या वाटचं वाढं धरून थोडा वेळ दारात उभी राहिली, मग तिनं ते माझ्या हातात दिलं. माझ्या हातात दोन झाली.

"आई, मला भ्या वाटतंय," मी म्हटलं. मी शाळेत गेल्यापासून भीती म्हणते, पण तेव्हा तोंडातून भ्याच आलं.

"मला न्हाय का वाटत?" आई म्हणाली. "भ्या वाटतं म्हनूनच तर त्याचा हात धरायचा. भ्याच नसतं तर त्याचं काय काम व्हतं?"

हे तिनं कुठं ऐकलं नव्हतं. तिला वाचताही अडखळत येतं. पण आजवर भीतीवर मी जेवढी प्रवचनं ऐकली, त्या सगळ्यांपेक्षा मला हेच पुरतं. आणि तरीही त्या सकाळी ते पुरलं नव्हतं. माझे तळवे घामानं ओले झाले होते आणि वाढ्याच्या पाती त्यात रुतत होत्या.

आम्ही गात निघालो. कालव्याच्या पुलापलीकडं पत्र्याच्या एका शेडमध्ये तेव्हा आमची उपासना व्हायची, तिथवर जायचं होतं. टपरी आली. कुणीतरी म्हणालं, "काय, म्हशी घेतल्या का?" शब्द दरवर्षीचेच. पण हसलं कुणीच नाही. तेच शब्द, तीच टपरी, आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपण खरंच काहीतरी चोरून नेतोय.

टपरी मागं पडली आणि पाठीमागून ट्रॅक्टर ऐकू आला. त्या ट्रॅक्टरचा आवाज मी झोपेतही ओळखते. आम्ही कुठंही रस्त्यानं दिसलो की पप्पा दोनदा हॉर्न द्यायचे आणि हात वर करायचे. समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्यालाही ते तसाच हात करायचे. सगळेच ड्रायव्हर करतात, ओळख असो नसो. मी मागं वळून बघितलं. मला खात्री होती, ते कडेला थांबतील. नाही थांबले तरी हॉर्न देतील.

"बाजूला व्हा, लोड गाडी हाय," आई म्हणाली. कुठल्याही ट्रॅक्टरला म्हणाली असती तशीच.

आम्ही कडेच्या धुळीत उतरलो. ट्रॅक्टर आला. पप्पांनी तोंडाला टॉवेल गुंडाळला होता, फक्त डोळे दिसत होते. ते डोळे सरळ समोर होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर. भरलेल्या दोन ट्रॉल्या इतक्या जवळून गेल्या की बाहेर आलेली उसाची टोकं आमच्या हातातल्या वाढ्यांना घासली. हॉर्न वाजला नाही.

गाणं सगळ्यांचं थांबलं होतं. आईचं थांबलं नव्हतं. ती एकटीच गात होती, धुळीनं खोकत, आणि कडवं संपेपर्यंत तिनं ते सोडलं नाही.

माझी भीती त्या क्षणी गेली. श्रद्धेनं गेली असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण ते खरं होणार नाही. ती कडवटपणानं गेली. आपलं माणूस आपल्याला ओळख न दाखवता निघून गेल्यावर परक्यांची भीती कशाला शिल्लक राहील? परतताना मी टपरीवरच्या सगळ्यांकडं डोळे वर करून बघितलं. त्यांनीच नजर फिरवली. पण मला त्याचा आनंद झाला नाही. अशी भीती गेली की तिच्या जागी काहीच येत नाही. मोकळ्या ट्रॉलीसारखं नुसतं आत वाजत राहतं. त्याआधी शेडमध्ये पास्टरकाका प्रार्थना करत होते आणि मी डोळे उघडे ठेवून एवढंच म्हणत होते, तू बघितलंस ना? तू बघितलंस ना?

संध्याकाळी पप्पा आले. हातपाय धुतले. अंगणातली वाढी उचलून एकेक करून शेळीला घालायला लागले.

"वाढं चांगलं हाय. कुठनं आनलं?"

"टोळीकडनं," आई म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. आईनं त्यांना गरम भाकरी वाढली. मी उठून मागच्या दारी गेले. नंतर आई मागं आली तेव्हा मी विचारलं, "तू काहीच का बोलली नाहीस?"

"काय बोलू? त्ये भ्यालं. येशूला धरून न्हेलं तवा त्याची मानसं बी पळालीच की. त्यानं त्यास्नी टाकलं का? मंग मी टाकू व्हय?"

हे उत्तर मला तेव्हा आवडलं नाही. आताही पूर्ण आवडत नाही. देवाला क्षमा करायला जेवढा वेळ मिळतो तेवढा माणसाला मिळत नाही. माणसाला लगेच सकाळी उठून चहा करायचा असतो.

त्या शुक्रवारी शेडमध्ये येशूच्या मरणाची उपासना होती. दार लावून. पप्पा आले आणि मागं टाकलेल्या पोत्यावर बसले. पास्टरकाका त्या शिष्याबद्दल सांगत होते, जो शेकोटीपाशी बसून म्हणाला की मी या माणसाला ओळखत नाही. त्यांच्या मनात काही नव्हतं, दरवर्षी तेच सांगायचं असतं. पण सगळ्यांच्या माना अवघडल्या. मागं कुणी बघत नव्हतं. थोड्या वेळानं पत्र्याचं दार वाजलं. ट्रॅक्टर उन्हात लावलाय, तो बघून येतो, असं पप्पा हळूच कुणाला तरी सांगत होते. ते परत आत आले नाहीत. उपासना संपल्यावर मी बाहेर आले तेव्हा ते ट्रॅक्टरच्या सावलीत उकिडवे बसले होते आणि काटकीनं माती उकरत होते. मला त्यांची दया आली. दया आली याचाही राग आला.

दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा झाली आणि तात्यांनी सांगितलं, औंदा पुतण्याच चालवील म्हणतोय, घरचंच पोरगं हाय. कारण दुसरं काही नव्हतं. असलं तर ते बोलले नाहीत. म्हणजे पप्पांनी ज्या सीटसाठी आमच्याकडं बघितलं नाही, ती सीट पुढचा हंगामही टिकली नाही. आता ते बारामतीच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर उभे असतात. गाडी आली की हात कपाळाला लावतात. काचा वर असतात. मी कॉलेजवरून कधी डबा द्यायला जाते. आम्ही हवापाण्याचं बोलतो.

पास्टरकाकांची बदली झाली. शेड मालकानं कडबा भरायला परत मागितली. उपासना आता वालचंदनगरला एका क्वार्टरच्या ओट्यावर होते. आई मात्र दरवर्षी चालते. मीही चालते. पप्पांची ड्यूटी असते.

हे सगळं त्या हाताच्या रेघेनं आठवलं. शनिवारी मी घरी आले. आईनं वाढी आणून भिंतीला उभी करून ठेवली होती, बुडाला ओलं पोतं गुंडाळून. तिनं पप्पांना काही विचारलं नाही. ती विचारायची थांबली, त्याला आता काही वर्षं झाली.

सकाळी आम्ही निघालो तेव्हा पप्पा अंगणात उभे होते. गेटवरच्या गणवेशात नव्हते. पांढरा शर्ट घातला होता, टॉवेल खांद्यावर. आई बघतच राहिली.

"ड्यूटी न्हाय?"

"बदलून घेतली." त्यांनी भिंतीचं एक वाढं उचललं आणि त्याच्या वाळक्या पाती काढत बसले. "काल गेटवर हुबा व्हतो. वाटलं, सगळ्यास्नी हात करतोय. येशूला तेवढा करायचा ऱ्हायला."

आईच्या डोळ्यांत पाणी येईल असं मला वाटलं. ती म्हणाली, "चप्पल घाला. डांबर तापतं."

गात चालणारे आम्ही तिघंच होतो. पप्पा पुढं नव्हते, मागं होते. टपरीवर नवी पोरं बसली होती, पण विनोद जुनाच शिकली होती. "काय शांताराव, म्हशी घेतल्या का?"

मागून पप्पांचा आवाज आला. बारीक.

"न्हाय रं. आजून शेळीच हाय."

कुणीतरी हसलं. चांगलं की वाईट, मला ओळखता आलं नाही. आम्ही पुढं गेलो. हंगाम संपत आला तरी एखाददुसरी खेप चालू असतेच. पुलाच्या जवळ समोरून तोच लाल ट्रॅक्टर आला, तात्यांचा. पुतण्या चालवत होता.

"बाजूला व्हा, लोड गाडी हाय," पप्पा म्हणाले.

आम्ही धुळीत उतरलो. पप्पांनी हात वर केला, ड्रायव्हर ड्रायव्हरला करतो तसा. हातात वाढं होतं. पुतण्यानं बघितलं नाही. त्याचे डोळे सरळ समोर होते आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर. ते बसणं मला ओळखीचं होतं. पप्पांना माझ्याहून जास्त असणार.

ट्रॅक्टर गेला, मागच्या ट्रॉल्या गेल्या, धूळ खाली बसली. पप्पांनी हात खाली घेतला नाही. तो कापत होता, आणि त्या कापण्यानं वाढ्याच्या पाती एकमेकींवर वाजत होत्या. आईनं ते ऐकलं आणि पुढचं कडवं उचललं.